थेंबमावशी आणि सात नंबरची विहीर

थेंबमावशीचं खरं नाव हजेरीपुस्तकात आहे, पण ते वाचायला तिथवर कोणी जात नाही. पाणी तपासण्याच्या त्या प्रयोगशाळेत शिपायापासून मुख्य मॅडमपर्यंत सगळे तिला थेंबमावशीच म्हणतात. बाहेरून फोन आला तरी "थेंबमावशींना द्या" असंच कोणी बोलतं. तिलाही त्याचं काही वाटत नाही. तीस वर्षं एकच काम जीव लावून केलं, तर त्या कामाचं नाव अंगाला चिकटायचंच.

काम सांगायला सोपं आहे. बोटभर उंचीच्या काचेच्या कुपीत अर्धी कुपी पाणी भरायचं, चिमूटभर मीठ टाकायचं, तोंडावर रबराची चकती बसवून पत्र्याच्या बारीक कड्याने घट्ट आवळायची. मग नाजूक सुईत तेलासारखं द्रावण घ्यायचं, सुई त्या रबरातून आत घालायची आणि तिच्या टोकाला एक थेंब लोंबता ठेवायचा. तो पाण्याला टेकता कामा नये आणि पडताही कामा नये. खाली पाणी ढवळत असतं, कोमट होत असतं. त्यात पेट्रोल म्हणा, रंगाचं थिनर म्हणा, जे काही उडून जाणारं असेल ते वर येतं आणि थेंबात जाऊन बसतं. वीस मिनिटांनी थेंब अलगद सुईत परत ओढायचा आणि मोठ्या यंत्राला पाजायचा. पूर्वी याच कामाला लिटरभर पाणी आणि बाटलीभर द्रावण लागायचं, आणि खोलीत असा वास कोंडायचा की संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायचं. आता मोहरीएवढ्या थेंबात भागतं.

सोपं म्हणालो खरं, पण थेंबासारखा लहरी प्राणी दुसरा नाही. कोणी दार आपटलं की तो पडतो, पाणी जरा जोरात फिरलं की पडतो, आणि कधीकधी तर निव्वळ खोडसाळपणाने पडतो. नवे पदवीधर येतात, आठ थेंब पाडतात आणि नवव्याला रडवेल्या तोंडाने मावशीकडे बघतात. मावशी बोलत काहीच नाही. स्टूल ओढून बसते, अर्धा श्वास सोडून थांबते आणि अंगठ्याने दट्ट्या इतका हळू दाबते की दाबतेय की नाही तेच कळत नाही. थेंब येतो आणि राहतो. पदवीधर मुकाट्याने वहीत काहीतरी लिहून घेतात, पण त्यात लिहिण्यासारखं काहीच नसतं.

ती आली होती बाटल्या धुवायला. शाळा अर्धवट सुटलेली, लग्न नुकतंच झालेलं. तेव्हाचे मुख्य, थोरले साहेब, या थेंबाच्या मागे हात धुऊन लागले होते, पण त्यांचा हात चहाच्या कपासकट थरथरायचा. एकदा त्यांनी तिला केसाएवढ्या बारीक नळ्या एकही न मोडता धुताना पाहिलं आणि तिच्या ओल्या हातात सुई दिली. त्या दिवसापासून बाटल्या दुसरं कोणी धुवायला लागलं.

साहेबांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे कोरी. रोज नमुन्यांच्या आधी एक कुपी निव्वळ शुद्ध पाण्याची लावायची, तिचं नाव कोरी. तिच्यात काही नाही हे आपल्याला ठाऊक असतं. तरी तिच्या थेंबात काही आलंच, तर ते पाण्याचं नाही, आपलं आहे: हाताचं, हवेचं, नाहीतर भांड्याचं. थेंब शेकडो पटींनी गोळा करतो आणि विहिरीतलं काय, आपल्या अंगचं काय, असला भेदभाव त्याच्याकडे नाही. शेजारच्या टेबलावर कोणी संत्रं सोललं तरी यंत्राच्या कागदावरच्या सपाट रेघेत एक शेंडी उभी राहते.

"कोरी म्हणजे कोरी," साहेब म्हणाले होते. "तिच्यावर कशाचा डाग नको."

मावशीने ते शब्दशः घेतलं. बाकीच्या कुप्यांना ती नंबराची चिठ्ठी डकवायची, कोरीला चिठ्ठीसुद्धा नाही. बिनचिठ्ठीची ती कोरी, हे साऱ्या प्रयोगशाळेला पाठ झालं, साहेब निवृत्त झाले, आणि पुढे कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

आता सात नंबरची विहीर. शहराच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी एक वस्ती आहे, शंभर-सव्वाशे घरांची. तिच्या वरच्या अंगाला रंगाच्या डब्यांचं जुनं गोदाम होतं. तिथली पिंपं गंजून गळली, थिनर जमिनीत मुरलं आणि एके दिवशी वस्तीच्या विहिरीत उतरलं. विहीर बंद झाली. "पाणी पिऊ नये" अशी पाटी लागली, टँकर सुरू झाला. गोदाम हलवलं, माती उकरून नेली, आणि पालिकेच्या पाणी समितीने ठरवून दिलं की ओळीने तीन महिने पाण्यात थिनर दिसलं नाही तर विहीर उघडायची.

दर महिन्याला पाणी घेऊन यायचा तो तिथला पंपवाला. उंच, अबोल, आणि जे काही बोलायचं ते मिशीतल्या मिशीत. उन्हाने पाण्यातलं काही उडून जाऊ नये म्हणून बाटल्या बर्फाच्या पेटीत आणायचा. पोचवून निघून जायला हवं होतं, निकाल टपालाने जायचा. पण हा गडी बाहेरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहायचा आणि मावशी दिसली की दोनच शब्द विचारायचा, "गेलं का?"

मावशी सांगायची, "उतरतंय." आणि खरंच उतरत होतं. दीड वर्षात आकडा चांगला खाली आला. मग शेवटच्या पायरीवर जो अडला तो अडलाच. यंत्राच्या कागदावर नखाएवढी शेंडी, पण पुसली म्हणून जाईना. एक महिना, दोन महिने, बघता बघता सहा महिने झाले.

मावशीने कसूर केली म्हणावी तर तसंही नाही. उलट या विहिरीला ती डोळ्यांत तेल घालून जपत होती. बर्फातलं गार पाणी कुपीत भरलं की कुपीला घाम सुटायचा आणि डकवलेली चिठ्ठी सरकून पडायची. एकदा अशाच दोन कुप्यांची अदलाबदल होता होता वाचली. तेव्हापासून मावशी सात नंबरच्या कुपीवर चिठ्ठी लावतच नसे. काच ओली, कडं अरुंद, म्हणून थेट रबराच्या चकतीवर काळ्या मार्करने साताचा आकडा काढायची. असा ठसठशीत की चुकूनही चूक होऊ नये.

एकदा बाकावर बसल्या बसल्या पंपवाला आपणहून बोलला. त्याची आई ऐंशीच्या घरातली. टँकर दिवसाआड येतो. तो कामावर असला की म्हातारी दोन बादल्या घेऊन रांगेत उभी राहते, आणि सांगितलेलं ऐकत नाही.  मावशी त्या दिवशी घरी जाऊन नीट जेवली नाही.

मग मॅडमनी तिला आत बोलावलं. मॅडम मावशीपेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार, आणि मनाने चांगल्या. फक्त वाईट काही सांगायचं असलं की त्या खिडकीकडे बघून बोलायच्या. त्यांनी खिडकीकडे बघत विचारलं, काका अजून घरी रंगकाम करतात का?

काका म्हणजे मावशीचा नवरा. जन्मभर त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. छापील फलक आले, धंदा बसला, तरी हा घराच्या गॅलरीत बसून कोणाच्या दारावरची पाटी, कोणाच्या गाडीवरची अक्षरं रंगवत असायचा. रंगात घालायचा ते थिनरच. ते मावशीच्या कपड्यांतून येत असेल तर?

मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तसं असतं तर कोरीत नसतं का आलं, तिने विचारलं. मॅडम म्हणाल्या, तेही खरंच, पण दुसरं काही सुचत नाहीये. आणि मग खरी गोष्ट सांगितली: समिती कंटाळली होती. कोरी स्वच्छ आहे, म्हणजे दोष विहिरीतच आहे, हे पाणी आता सुधारणार नाही, असं त्यांचं मत पडत चाललं होतं. पुढच्या बैठकीत विहीर माती टाकून बुजवायचा ठराव येणार होता.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा तिला वाटलं होतं तो चिडेल. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने हातातला ब्रश पुसला, सगळे अकरा ब्रश कापडात गुंडाळले, डबे पिशवीत भरले आणि कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानदाराला नेऊन दिले. परत आल्यावर म्हणाला, "बघ, आता तरी जातंय का." त्या रात्री गॅलरीचं दार त्याने आतून लावून घेतलं. एरवी ते कधी लागत नसे.

पुढच्या महिन्यात मावशी धुतलेले कपडे पुन्हा धुऊन कामाला गेली. रबरावर नीट सात काढला, सुई घातली, थेंब धरला. कागदावर शेंडी होती तेवढीच होती. बाकावर पंपवाला बसला होता. त्या दिवशी मावशी मागच्या दाराने घरी गेली. आयुष्यात पहिल्यांदाच.

नवऱ्याचे हात रिकामे, आणि रिकाम्या हातांचा माणूस घरात काय काय करेल याचा नेम नाही. त्याने बिजागऱ्यांना तेल घातलं, सुतळीचे गुंते सोडवले, आणि मग त्याची नजर स्वयंपाकघरातल्या डब्यांवर गेली. मागे एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं, त्याचं निमित्त पुरलं. रंग नव्हता, म्हणून मावशीच्या पिशवीतला तोच काळा मार्कर घेतला आणि प्लास्टिकच्या झाकणांवर आतून-बाहेरून अशी सुरेख अक्षरं काढली की एखाद्या दुकानाच्या माथ्यावर शोभावीत. साखर. मीठ. चहा. आणि शाई ओली असतानाच झाकणं लावून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"चहाला पाटीचा वास येतोय," तो म्हणाला.

मावशी म्हणाली, तुम्हाला सगळ्याला पाटीचाच वास येतो. त्याने उठून चहाचा डबा आणला, झाकण उघडून नाकाशी धरलं.

"चाळीस वर्षं हुंगलाय हा वास, मला झोपेतसुद्धा कळेल. अगं, तुझ्या या पेनात थिनर आहे."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने झाकण हातात घेतलं. आतल्या बाजूला काळंभोर, ठसठशीत "चहा" लिहिलेलं. अक्षर त्याचं होतं, पण तिला तिथे दुसरंच अक्षर दिसत होतं. तिने आपला चहा तसाच टाकला, मार्कर पिशवीत घातला, चपला कशाबशा घातल्या आणि निघाली.

प्रयोगशाळेत अजून कोणी आलं नव्हतं. तिने दोन कुप्या घेतल्या आणि दोन्हींत तेच शुद्ध पाणी भरलं. एक नेहमीसारखी कोरी. दुसऱ्या कुपीच्या रबरावर मार्करने साताचा आकडा काढला, जसा सात महिने काढत होती तसाच. पहिल्या कुपीचा कागद सपाट आला. दुसऱ्या कुपीत तिचा थेंब एकदा पडला. हे कधी होत नसे. पुन्हा धरला. यंत्राने कागद सोडला आणि त्यावर नखाएवढी शेंडी उभी राहिली, त्याच जागी, तेवढ्याच उंचीची. ज्या पाण्यात काहीच नव्हतं त्या पाण्यात.

ती स्टुलावर बसून राहिली. सुई दर वेळी त्या शाईतून आत जात होती. विहीर कधीच निवळली होती, आणि जे जायला तयार नव्हतं ते तिने स्वतःच्या हाताने, काळजी घेऊन, दर महिन्याला आत घातलं होतं. कोरीने ते पकडायला हवं होतं. पण कोरीवर ती कधी काही लिहितच नव्हती. कोरी फारच कोरी ठेवली होती तिने.

खोटं कशाला बोलायचं, तिच्या मनात आलं की गप्प बसावं. मार्कर कचऱ्यात टाकावा, या महिन्याची राखीव बाटली पुन्हा लावावी, शून्य येईल, मॅडमना सांगावं की गेलं बरं का एकदाचं. कोणाला कळणार होतं? तीस वर्षांत तिच्या कामाकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. पण समिती म्हणणार, सात महिने होतं ते आज कसं गेलं, उद्या परत येईल. आणि माती पडायची ती पडणारच. विहीर वाचवायची तर ही शेंडी कुठून आली ते सांगावं लागणार होतं, आणि ते सांगू शकणारं माणूस एकच होतं.

मॅडम आल्या तेव्हा मावशी दोन्ही कागद घेऊन दारात उभी होती. तिने सगळं सांगितलं, चहाच्या डब्यापासून. मॅडमनी ते कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरले. 

"हे लेखी द्यावं लागेल, मावशी. तुमच्या सहीनं. समितीत वाचलं जाईल."

"देते."

"लोक बोलतील."

"बोलू देत. सात महिने त्यांनी माझ्यापायी पाणी वाहिलंय."

या वेळी मॅडम खिडकीकडे बघत नव्हत्या. म्हणाल्या, हे माझ्याही नजरेतून सुटलं, खाली मीही सही करते.

समितीत व्हायचं ते झालं. एका गृहस्थांनी बाटल्या धुणाऱ्या बाईच्या हातात एवढं नाजूक काम दिलंच कसं, असं विचारून घेतलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या की चूक शोधूनही याच बाईंनी काढली आहे, आम्हा शिकलेल्यांना सात महिने दिसली नव्हती. गृहस्थ कागद चाळायला लागले. सात महिन्यांचे आकडे रद्द झाले, बुजवायचा ठराव बाजूला पडला, आणि आठवड्याच्या अंतराने तीन नमुने स्वच्छ आले तर विहीर उघडायची असं ठरलं.

पण मावशीला समितीची भीती नव्हती, बाकाची होती. पंपवाला पहिला नमुना घेऊन आला तेव्हा ती बाहेर गेली आणि त्याच्या शेजारी बसून त्याला सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "सात महिने." मावशी म्हणाली, हो. तो उठला, रिकामी पेटी उचलली आणि निकालासाठी न थांबता निघून गेला. मावशीने त्याला थांबवलं नाही. कुठल्या तोंडाने थांबवणार होती?

पहिला नमुना स्वच्छ आला. दुसरा आला, तोही. बाक दोन्ही वेळा रिकामा होता. पेटी दारात ठेवलेली मिळायची. तिसऱ्या आठवड्याला मावशीने आधी कोरी लावली. आता कोरीलाही बाकीच्या कुप्यांसारखीच पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असते, दोऱ्याने गळ्यात बांधलेली. जे नमुन्याला ते कोरीला, हा नवा नियम मावशीने स्वतः भिंतीवर लावलाय. मग सात नंबर लावला. वीस मिनिटं थेंब लोंबत राहिला आणि मावशी त्याच्याकडे बघत राहिली. कागद निघाला. सरळ रेघ, पाटीवर आखल्यासारखी.

ती बाहेर आली तर बाकावर तो बसला होता. तेच दोन शब्द विचारले त्याने.

"गेलं," मावशी म्हणाली, आणि कागद त्याच्या हातात दिला.

पंपवाल्याने मिशीवरून हात फिरवला. म्हणाला, "आईला सांगितलं मी, तुम्ही मला सांगितलं ते. ती म्हणाली, आधी भांडून ये आणि मग आभार मानून ये." मग त्याने बाकाखालून पोत्यात गुंडाळलेली वस्तू ओढली. विहिरीवरची पाटी होती ती. "दोन्हींतलं काही मला जमत नाही. हिच्यावरचं तेवढं पुसून घ्यायचंय. काका करतात म्हणे."

मावशी घरी जाण्याआधी कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दुकानदाराने ब्रशांची गुंडाळी तशीच्या तशी फळीवर ठेवली होती. म्हणाला, हे विकायला दिले नव्हते, रुसून दिले होते, एवढं कळतं मला.

नवऱ्याने गॅलरीचं दार उघडलं. जुनी अक्षरं घासून काढली, पांढऱ्याचे दोन हात दिले. दोन दिवस पाटी वाळत राहिली. सुट्टीच्या दिवशी सकाळी तो पाटीसमोर मांडी घालून बसला आणि मावशी भिंतीला टेकून त्याच्या शेजारी बसली. थिनरचा वास सगळ्या गॅलरीत भरला होता. ती मुद्दाम भरभरून श्वास घेत होती. उद्या कामावर जाताना दुसरे कपडे घालायचे, एवढं तिने मनाशी टिपून ठेवलं.

"काय लिहू?" त्याने विचारलं. "पाणी पिण्यास योग्य?"

"नको. सात लिहा."

"नुसतं सात?"

"नुसतं सात. मोठ्ठा, तुमच्या हातचा." मावशी पाटीकडे बघत म्हणाली. "मी तो सात महिने भलत्याच जागी लिहीत होते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग गुंडाळी सोडून त्यातला सगळ्यात रुंद ब्रश निवडला.